काट्यावर

वसमतच्या हळद बाजारात वजनकाट्यावर बसते मी.
भरली गाडी येते, आकडा लिहिते.
रिकामी होऊन येते, आकडा लिहिते.
एकातून एक वजा. उरंल ती हळद.
सोळा वर्षांत कुणी म्हणलं नाही
सत्यभामानं किलोभर इकडचं तिकडं केलं.

मतदानाला झेडपीच्या शाळेत रॅम्प होता,
आदल्या रात्रीच केलेला, वाळू जास्त, सिमिट कमी.
चढताना तोंड वाकडं झालं असंल माझं,
उजव्या कुबडीचं रबरी बूच झिजून गेलतं.
कुणीतरी फोटो काढला.
म्हणलं, काढू दे, पेपरात येईल.

निकाल लागला. दोघांच्या टेक्यानं
तिसरा पालिकेत बसला.
त्या रात्री जेवताना
भाच्यानं फोन ताटाशेजारी पालथा ठेवला.
"काय रे?"
"काही नाही, आत्या."
सरळ केला तर मीच.
माझ्या धडावर त्या तिसऱ्याचं मुंडकं,
दोन कुबड्यांवर दोन पक्षांची नावं,
खाली पिवळ्या अक्षरात:
कुबड्यांचं सरकार, कधी पडंल नेम नाही.
साडी माझीच. मोरपंखी, बहिणीच्या वास्तूची,
काठावरचा चहाचा डागसुद्धा आलता.

हसणारी तोंडं मोजली. बाराशे चौतीस.
हात मोजायला सवकलेला, काय करणार.
त्यात एक तोंड गुलाब हमालाचं,
रोज सकाळी काट्याच्या खोलीचं दार
मला तोच उघडून देतो,
पायानं आडसर लावून, मी आत जाईपर्यंत.

तिसऱ्या दिवशी दुसरा पक्ष घरी.
शाल, नारळ, सभेचा कागद.
"ताई, हा अपमान तुमचा एकटीचा नाही!"
स्टेजला पाच पायऱ्या. रॅम्प नव्हता.
चौघांनी खुर्चीसकट उचललं,
पाचव्यानं शूटिंग केलं,
मी पदर धरू का खुर्ची, ते कळंना.
साहेब माईकवर तापलेले:
"लाज वाटत नाही यांना! आमच्या भगिनीची चेष्टा करतंय
हे आंधळं, बहिरं, मतिमंद सरकार!"
टाळ्या.
पहिल्या रांगेत इरफान होता, काठी मांडीवर आडवी,
त्यालाही शाल द्यायची होती.
टाळ्या थांबल्या न थांबल्या तोच म्हणाला,
"अपनी सरकार कब आई, आपा?
किसीने बताया नै."

मी एवढी हसले
की मांडीवरचा नारळ गडगडत
साहेबांच्या बुटाला जाऊन लागला.
तेवढंच शूटिंगमधून कापलं म्हणे.

घरी येऊन झोप नाही.
आंधळं दळतं, कुत्रं पीठ खातं,
हे मीबी म्हणलेय कितीदा, चहा पिता पिता,
इरफानच्या समोरसुद्धा.
तो काही बोलला नव्हता. बिस्किट बुडवत होता.

दुसऱ्या दिवशी गुलाबनं दार उघडलं,
बघितलं मात्र भिंतीकडं.
"बूच बदललं का?" एवढंच.
"नाही."
दुपारी कुठूनतरी ट्रकच्या टायरचा तुकडा घेऊन आला,
कापून, ठोकून, बसवून दिला.
फोनचं तो काढंना,
मीबी नाही काढलं.

संध्याकाळी बाजार रिकामा,
हवेत नुसती पिवळी धूळ.
कुबड्या काट्यावर ठेवून बघितल्या,
मी कठड्याला धरून उभी.
साठ टनाचा काटा,
दहा किलोच्या आतलं त्याला कळत नाही.
शून्य.
मग त्या काखेत घेऊन मधोमध गेले.
पन्नास.

आता नियमानं दुसरं वजन घ्यायचं,
त्यांच्याशिवाय, नुसतं माझं.
उभी राहून बघितली. तोल गेला,
आकडा थरथरत राहिला,
टेकंना कुठंच.

पावतीचा एक रकाना कोराच ठेवला.
मागून उशिरा आलेल्या गाडीनं हॉर्न दिला.